मधल्या हंगामातली मैत्रीण

सुपरमार्केटात दूध घेताना ती पुढची बाटली कधी उचलायची नाही. पुढची जुनी असते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून आपण हात लांब करून मागची ओढतो. ती मागचीही घ्यायची नाही. "मागचीला सगळ्यांचे हात लागलेले असतात. मधली धर," म्हणायची, आणि कोपरापर्यंत हात घालून बरोबर मधली बाटली बाहेर काढायची. पाठीमागे ट्रॉल्या घेऊन इंग्लिश माणसं शिस्तीत ताटकळत उभी असायची. तिला त्याचं काही नाही.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. जगण्याचं एक सूत्र त्यांना सापडलेलं असतं आणि दुधापासून देवापर्यंत सगळ्याला ते तेच लावत सुटतात. तिचं सूत्र होतं, ‘मधलं बरं’. साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी अपॉइंटमेंट्सच्या डेस्कवर शेजारी-शेजारी बसायचो. फोनवरच्या पेशंटला ती समजावायची, सकाळची पहिली वेळ घेऊ नका, डॉक्टर अजून पुरते जागे झालेले नसतात, शेवटची नको, त्यांना घरी जायची घाई असते, अकराची देते. हे सगळं फाडफाड इंग्रजीत, वर शेवटी इंग्लिश बायकांसारखं ‘लव्ह’ लावून. आमची मॅनेजर तिला सांगून सांगून थकली.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला ती मधल्या पंगतीला बसायची. पहिल्या पंगतीला आमटीत मीठ कमी पडल्याचं कळतं आणि शेवटच्या पंगतीला जिलबी संपते, हे तिचं म्हणणं. आणि ते खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

प्रवासाचंही तेच. "स्कूल हॉलिडेजमध्ये जायचं म्हणजे मेंढरांच्या कळपात शिरायचं. आणि भर पावसात कशाला जायचं? पाऊस काय इथे कमी आहे? शोल्डर सीझन, अगं. गर्दी आणि पाऊस यांच्या मधला. शोल्डर सीझन!" हंगामाला खांदे असतात हे मला तिच्यामुळे कळलं. त्या खांद्यावर बसून आम्ही लिस्बन पाहिलं, क्रीट पाहिलं, एडिनबराला माझ्या मुलाकडे एप्रिलमध्ये जाऊन कुडकुडून आलो. तिथे तर हंगाम नव्हताच, नुसताच खांदा होता.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पण हेच सूत्र ती दुःखालाही लावायची, आणि तिथे ते बरोबर निघायचं. माझे यजमान गेले तेव्हा पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं होतं. डब्यांवर डबे येत होते. ती तोंड दाखवून गेली, थांबली नाही, आणि मला तिचा रागच आला. मग मुलगा एडिनबराला परतला, डबे थांबले, फोन विरळ झाले, आणि एका संध्याकाळी ही दारात उभी. "आता मी आले," म्हणाली. बूट काढले, कुकर लावला, माझ्या उशांचे अभ्रे बदलले. पुढे कितीतरी दिवस ती रोज येत होती. त्या दिवसांत मी तगले ती तिच्यामुळे. हे मुद्दाम आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल वाईट बोलणार आहे.

आक्रा तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. घानाच्या या समुद्रकाठच्या शहरात तिचे वडील शाळेत गणित शिकवायचे. चांगली जाणती होईपर्यंत ती तिथेच वाढली. मग कोल्हापूर, मग लग्न, मग साउथहॅम्प्टन. रिटायर झाली त्याच उन्हाळ्यात तिने जाहीर केलं, "आता आक्रा. डिसेंबरात नको, ख्रिसमसला अर्धं लंडन तिथे उतरतं. जूनमध्ये पाऊस. दिवाळी आटोपली की निघू."

"भाऊजी नाही येणार?" मी विचारलं. तिच्या यजमानांना मी भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. बंदरावर क्रेनच्या देखभालीत त्यांचा जन्म गेला. शांत माणूस. सकाळी हिचा चहा करून कपावर बशी झाकून ठेवणार आणि पेपर उघडून बसणार. प्रेम दाखवायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नसावी.

"त्यांना उकाडा सोसत नाही. आणि तू आहेस ना," ती म्हणाली. मी फुशारून गेले. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही, असं मला तेव्हा वाटत असे.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "तुझी मोठी बॅग अर्धी रिकामीच जाणार ना? माझं थोडं सामान घालते." थोडं म्हणजे कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा आणि दोन चादरी.

"अगं, आठवड्याभरासाठी कुकर?"

"बाहेरच्या जेवणाचं काय सांगावं?"

परदेशात कुकर नेणारी मराठी बाई काही मी पहिल्यांदा पाहत नव्हते, म्हणून हसून सोडून दिलं. गॅटविकला काउंटरवरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? मी बेधडक ‘येस’ म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या हिने हळूच माझा दंड दाबला.

आक्रात आमचं गेस्ट हाउस जवळजवळ रिकामं होतं. ते चालवणाऱ्या बाईंनी हिला मिठी मारली आणि ‘वेलकम होम’ म्हणाल्या. मी ते आदरातिथ्य समजले. जेवायला तळलेली पिकली केळी आणि चवळीची उसळ आली. पाम तेलातली असली तरी चवळी ती चवळी, मी सुखावले. कुकर बॅगेतून बाहेर काढायचं काही कारण नव्हतं आणि तिने तो काढलाही नाही.

ती मात्र दिवसागणिक बदलत होती. बाजारातल्या बायकांशी बोलताना लहानपणीचे शब्द तिच्या तोंडी परत येऊ लागले, आधी एकेक, मग घोळक्याने. बायका टाळ्या देऊन हसायच्या. तिची चालही वेगळी झाली. एका बाईच्या ढिगातून तिने अननस घेतला तो सगळ्यात वरचा, हाताला लागेल तो पहिला. ना दाबून पाहिला, ना मधला शोधला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी फोटो काढण्यात दंग होते.

तिच्या लहानपणीची एक मैत्रीण तिथे छोटी शाळा चालवते. तिथेही आम्ही गेलो. ही फळ्यापाशी उभी राहिली, खडू घेतला आणि मुलांना अपूर्णांक समजावू लागली. मुलं खिदळत होती, ती घामाने थबथबली होती आणि आनंदाने नुसती फुलून आली होती. हॉस्पिटलातल्या इतक्या वर्षांत मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मी पुन्हा फोटो काढले.

बुधवारी आमचं परतीचं विमान होतं. मंगळवारी आम्ही जेम्सटाउनला गेलो, कोळ्यांच्या वस्तीत. तिथले कोळी मंगळवारी समुद्रात जात नाहीत, तो समुद्राच्या विसाव्याचा दिवस. रंगवलेल्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. ती बराच वेळ एका होडीला टेकून उभी होती आणि मला काहीतरी सांगायच्या बेतात होती. मग म्हणाली, "चल, ऊन झालं."

परतताना टॅक्सीवाल्याने आरशात बघत विचारलं. रोजचाच तो, एव्हाना ओळखीचा झालेला. "टुमॉरो, एअरपोर्ट. वन मॅडम ऑर टू?"

"वन," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मी हसले. "टू, टू," मी त्याला सांगितलं. तो आरशातून तिच्याकडे बघू लागला. त्याच्या त्या बघण्यावरून मला कळलं की काहीतरी आहे, आणि ते त्याला माहीत आहे.

गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बसल्यावर मी म्हटलं, "वन म्हणजे काय?"

"मी परत येत नाहीये. त्या शाळेत शिकवणार आहे. राहायला जागा बघून ठेवलीय."

"किती दिवस?"

"दिवस नाही गं. राहणारच आहे."

"भाऊजींना माहीत आहे?"

"नाही."

"काही केलंय का त्यांनी?"

"छे! त्यांच्यात वाईट काहीच नाही. मला त्या घरात राहायचं नाहीये, एवढंच. खूप वर्षांपासून नव्हतं राहायचं."

"मग लाव फोन. आत्ता लाव आणि सांग त्यांना."

तिने मान हलवली. "त्यांचा आवाज ऐकला की मी परत येईन. तू सांग. ते येतील ना घ्यायला, तेव्हा सांग. तू नीट सांगशील."

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. तिने नवरा सोडला याचा मला राग नव्हता. बायका सोडतात, त्यांना कारणं असतात, आणि ती दुसऱ्याला पटलीच पाहिजेत असं नाही. राग याचा होता की गेस्ट हाउसच्या बाईंना माहीत होतं, शाळेतल्या मैत्रिणीला माहीत होतं, आक्रातल्या टॅक्सीवाल्याला माहीत होतं, आणि मला नव्हतं. तिचा नवा संसार मी माझ्या बॅगेत घालून, माझा म्हणून सांगून, समुद्रापार आणून दिला होता. मला तिने सोबतीला आणलंच नव्हतं. मला आणलं होतं ते घरच्यांना संशय येऊ नये म्हणून, आणि परत जाऊन निरोप द्यायला कुणीतरी हवं म्हणून. इतक्या वर्षांच्या मैत्रीचा असा गडीमाणसासारखा उपयोग केला तिने.

"तुला आधी सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस," ती म्हणाली.

"थांबवलं असतंच!" मी ओरडले. "आणि थांबली नसतीस तर बॅग उचलली असती तुझी. समजून-उमजून उचलली असती!"

ती रडायला लागली. एरवी मी तिला जवळ घेतलं असतं. मी उठून खोलीत गेले आणि तिचं सामान माझ्या बॅगेतून काढून तिच्या पलंगावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती विमानतळावर सोडायला आली. मी तिच्याशी बोलले नाही. आत गेल्यावर एकदा वळून पाहिलं तर ती काचेपलीकडे उभी राहून हात हलवत होती. मी माझा हलवला नाही. भाऊजींचा नंबर काढला आणि न लावताच फोन ठेवून दिला, कारण असली गोष्ट फोनवर कुठल्या तोंडाने सांगायची? आणि खरं सांगू का, विमानाचं दार बंद होईपर्यंत मला वाटत होतं की ही आता धापा टाकत येईल आणि म्हणेल, "सरक गं, खिडकी नको, मधली सीट दे."

गॅटविकला भाऊजी आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मला पाहून हसले आणि माझ्या मागे बघत राहिले. "ती टॉयलेटला गेली का?" त्यांनी विचारलं.

विमानात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. "ती आली नाही, भाऊजी. ती तिथेच राहतेय," एवढंच मी म्हटलं. ती म्हणाली होती तू नीट सांगशील. नीट म्हणजे कसं, ते तिने सांगायला हवं होतं.

ते म्हणाले, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, वहिनी?"

"मला माहीत नव्हतं. कालपर्यंत नव्हतं."

"बरं," ते म्हणाले. खोटं बोलणाऱ्या माणसाला, त्याचा अपमान नको म्हणून आपण म्हणतो ना, तसं बरं.

याला आता वर्ष होत आलं. मंडळात कुणाचाच माझ्यावर विश्वास नाही. बायका चिवड्याचा डबा घेऊन येतात आणि चहा संपला की आवाज बारीक करून विचारतात, "पण तुला तर सगळं आधीच ठाऊक असेल ना गं?" नाही म्हटलं की एकमेकींकडे बघतात. एवढी जिवलग मैत्रीण, आणि सांगितलं नाही? मीही हेच विचारते. भाऊजी रस्त्यात भेटले तर मान हलवतात आणि पलीकडच्या फुटपाथला जातात. तिचे व्हॉइस मेसेज येतात. मी ते ऐकते. मागे मुलांचा गलका असतो, आणि ती सुखात आहे हे आवाजावरून कळतं. उत्तर मी एकदाही दिलेलं नाही. तिची आठवण येत नाही असं नाही. रोज येते, आणि रोज तिच्याबरोबर रागही येतो.

पण तिच्याबद्दल लिहायला बसले की मला गॅटविकहून घरी आलो तो प्रवासच आठवतो. एवढं ऐकूनही भाऊजींनी माझी बॅग ट्रॉलीवरून उचलून डिकीत ठेवली. मी नेहमीसारखी मागे बसले, त्यांनी पुढे या म्हटलं नाही. बाहेर धुकट गारठा होता. त्यांनी गाडी सुरू केली आणि त्यांचा हात सवयीने शेजारच्या सीटकडे गेला, सीट गरम करायचं बटण दाबून आला. तिला थंडी सोसत नाही. बटणावरचा छोटा नारिंगी दिवा लागला. त्यांनी तो पाहिला, मीही पाहिला. ते बंद करतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गाडी रस्त्याला लावली. साउथहॅम्प्टन येईपर्यंत ती रिकामी सीट तापत राहिली.