पायांशी बसणारा चित्रकार

बस्त्याव गेल्याची बातमी आमच्या चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. 'थोर कलावंत', 'वसईच्या मातीचा सुपुत्र', 'न भरून येणारी पोकळी'... यांतल्या एकानेही त्याच्या हयातीत त्याचं एक चित्र धड पाहिलं नव्हतं. त्याच रांगेत मीही हात जोडले. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये, एका बिल्डरच्या लॉबीसाठी चाललेल्या निळ्या-सोनेरी कॅनव्हाससमोर बसून. ही चित्रं सोफ्याच्या कापडाशी जुळवून काढावी लागतात. तरी स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायला माझी जीभ कधी अडखळलेली नाही.

बस्त्याव भुईगावचा. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात गावच्या चर्चमधला मृत ख्रिस्ताचा लाकडी पुतळा घरी आणून रंगवायचा. गुड फ्रायडेला अख्खं गाव रांगेने त्या पुतळ्याच्या पायांचं चुंबन घेतं आणि बोटांचा रंग उडतो. पुढच्या वर्षी तेवढीच बोटं पुन्हा रंगवायची. आम्हा शहाण्यांना हा फार मोठा विनोद वाटायचा.

काही वर्षांपूर्वी माणिकपूरच्या एका हॉलमध्ये आम्ही 'रेनेसाँ आणि मी' असा कार्यक्रम ठेवला. प्रत्येकाने युरोपच्या त्या प्रबोधनकाळातल्या, आपल्या जिवाला भिडलेल्या एका चित्राबद्दल बोलायचं. एकाने इटलीच्या सहलीचे फोटो दाखवले. सगळ्यांत हा पुढे आणि चित्र मागे. दुसऱ्याने नेटवरून उतरवलेलं वाचून दाखवलं. मी 'अवकाश' हा शब्द इतक्या वेळा वापरला की शेवटी माझा मलाच वीट आला. बस्त्यावने पाचशे वर्षांपूर्वीचं एक चित्र लावलं. दगडावर निजवलेला मृत ख्रिस्त, तळवे आपल्याकडे, डोकं पार पलीकडे, कडेला रडणारी आई. तो एवढंच म्हणाला, "पाय बघा. ते आपल्या जवळ आहेत, म्हणजे मोठे दिसायला पाहिजेत. पण चित्रकाराने लहान काढलेत. मोठे काढले असते, तर पायांशी उभ्या असलेल्याला तोंड दिसलं नसतं."

मी माईक ओढून घेतला. "बस्त्याव दरवर्षी अंगठे रंगवतो, त्याला इटलीतही अंगठेच दिसणार!"

हॉल खदखदून हसला. तोही हसला, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि... पुन्हा कधी आमच्यात आला नाही. मी माफी मागितली नाही. थोरामोठ्यांना असली किरकोळ कामं कुठे सुचतात?

अंत्यविधीला मी उशिरा पोहोचलो. गर्दीत शवपेटीच्या पायांशीच जागा मिळाली. त्याला नवे काळे बूट घातले होते. मी टाचा उंचावल्या, मान वाकडी केली, पण बुटांआड त्याचं तोंड काही दिसेना. मग झाकण लागलं. तो हॉलमध्ये काय म्हणाला होता ते मला तेव्हा कळलं. तरी शोकसभेत सगळ्यांत लांबलचक भाषण मीच ठोकलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारी आमची जमात आणि त्या घेणारा मी!

गुड फ्रायडे तोंडावर आला, तेव्हा नातालीनवहिनींनी, त्याच्या बायकोने, बोलावून घेतलं. पुतळा त्याच्या खोलीतच होता. डाव्या पायाची बोटं रंगवून झालेली, उजव्याचं लाकूड उघडं.

"फादर म्हणतात, झिजलेली बोटं पुट्टीने भरून सारखी करून घ्या," वहिनी म्हणाल्या. "यांनी कधी पुट्टी लावू दिली नाही. का, तेही सांगितलं नाही. आता तुम्हीच काय ते बघा, भाऊ. तुम्ही मित्र ना यांचे?"

मित्र!

पुट्टीचा डबा घेऊन मी त्याच्या बुटक्या स्टुलावर बसलो. डबा उघडला. त्या स्टुलावर बसलं की नजर नेमकी तळव्यांशी येते. गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांनी बोटं झिजून आखूड झालेली, आणि त्यांच्यावरून ख्रिस्ताचं तोंड दिसत होतं. हनुवटीपासून कपाळापर्यंत, सगळं.

मी डब्याचं झाकण लावलं, बस्त्यावचा ब्रश उचलला आणि उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली.