बांधाची एकच खांड

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून मी नकाशांचं काम करते. त्या आठवड्यात मात्र कामाचे नकाशे बाजूला सारून गावचा नकाशा घेतला होता. पेणजवळच्या आमच्या गावी खाडीच्या बांधाला खांड पडली होती आणि भरतीचं खारं पाणी काकूच्या भातशेतात शिरत होतं. दुसऱ्या दिवशी पेणला बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांसमोर बैठक होती. एकच खांड आहे हे त्यांना पटलं, तर ती पावसाआधी बुजवून मिळणार होती. सगळा बांधच खिळखिळा आहे असं ठरलं, तर नव्या बांधाची फाईल फिरत राहणार आणि तोवर काकूच्या शेतात भात उगवायचं नाव घेणार नाही.

बांध कुणा एकाचा नसतो, चिखल घालून तो राखायला प्रत्येक घराचा वाटा ठरलेला असतो. म्हणून मी सांगितलं होतं, ज्याने त्याने फोन हातात धरून आपल्या वाट्याच्या एका कडेने जायचं आणि दुसऱ्या कडेने परत यायचं. चालीची रेघ फोनमध्ये उमटते. रेघ बंद झाली की वाट्याचा लांबट तुकडा तयार. रेघांची फाईल साहेबांच्या फोनवर उघडणार नव्हती, म्हणून सगळे तुकडे गोळा करून त्यांचं साधं रंगीत चित्र काढायचं काम माझ्या स्क्रिप्टचं, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं.

चित्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. बांधभर जागोजागी पांढरी भोकं. चित्र मोठं करून पाहिलं, रंग बदलले, स्क्रिप्टला आधी मनात आणि मग मोठ्याने शिव्या घातल्या. भोकं जागची हलली नाहीत. शेवटी काकूला फोन लावला.

"एकच खांड हाय गो," काकू म्हणाली. "तुज्या कॉम्प्युटरला खेकड्यांनी पोखरलाय काय?"

"मग तुझ्या आणि शेजाऱ्याच्या वाट्याच्या मध्ये भोक कसं दिसतंय?"

"तिथं कसला भोक? तिथं तर दोघांचा चिखल पडतो. पाणी पयला जोडावरच घुसतो, म्हणून आपला वाटा संपला तरी पुढं जायचा. फोन घेऊन पण मी तशीच चालली. इसरलीस काय?"

विसरले नव्हते. सुट्टीत बाबांच्या मागे मीही चिखल वाहिला होता आणि बाबा कधी हद्दीशी थांबले नव्हते. मी फोन ठेवून स्क्रिप्ट उघडली. सगळे तुकडे मी एकाच आकृतीत कोंबले होते, आणि रंग भरताना तिचा नियम असा की एक कड ओलांडली की आत, दुसरी ओलांडली की बाहेर. दोन तुकडे जिथे एकमेकांवर चढले होते, ती जागा ती बाहेरची समजून कोरी सोडत होती. बांधावर जिथे दोन घरांचा चिखल, नेमकं तिथेच चित्रात भोक. रंग भरण्याआधी सगळे तुकडे एकसंध करायची ओळ घातली आणि पुन्हा चालवलं. एक सोडून सगळी भोकं बुजली.

ते एक आमच्याच वाट्यात होतं. बाबा गेल्यापासून तिथे आमच्या घरचं कुणी नव्हतं. फोन घेऊन चालायलाही नव्हतं, त्यामुळे तो वाटा अख्खा कोरा दिसायला हवा होता. पण एका बाजूने काकू आणि दुसऱ्या बाजूने पलीकडचे शेजारी पार आतपर्यंत आले होते. कोरी होती ती फक्त मधली चिंचोळी जागा, जिथे पाणीच वाहत होतं. ते चित्र बघून मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

पेणला साहेबांनी चित्र फोनवर मोठं करून पाहिलं. "एवढीच ना?" म्हणाले आणि काम पावसाआधी घ्यायचं ठरलं. बाहेर पडल्यावर मी बैठकीला आलेल्या काकूला विचारलं, "आमचा वाटा कधीपासून सांभाळतेस? बोलली नाहीस कधी."

"त्यात काय बोलायचा? तुजे बाबा गेले तवापासून. तुमचा वाटा फुटला तर पाणी काय माजा शेत सोडनार हाय?"

तिचे उपकार मानावेत तर ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. खांड बुजवली त्या दिवशी मी रोह्याहून सकाळीच गेले, चिखल वाहिला, आणि आमची हद्द आली तरी थांबले नाही. काकूच्या वाट्यात चालत राहिले.