मसाल्याच्या खोक्यावरचं कुंकू

मगदूम शेठनी फोटो आधी लांब धरला, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ आणला.

"बाई झकास हाय," ते म्हणाले. "पण कपाळ मोकळं हाय की. विधवा बाई मसाल्याच्या खोक्यावर कशी चालंल? कुंकू लावा. ठसठशीत."

आम्ही पेठ वडगावात त्यांच्या दुकानाच्या माडीवर बसलो होतो. फोटोतली बाई विधवा नव्हती. तिचा नवरा इचलकरंजीत सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला होता आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. हे मी तिथंच सांगायला हवं होतं. त्याहून महत्त्वाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. मी म्हणालो, "बघतो शेठ."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची जाहिरात एजन्सी शाहूपुरीत एका जिन्याच्या वर, दोन खोल्यांत होती. मालक शिंदे साहेब, आर्टिस्ट मी, आणि कॉम्प्युटरवर सुनंदा कांबळे. ती डीटीपी ऑपरेटर होती, म्हणजे मजकूर टाइप करून, अक्षरं लहानमोठी करून प्रिंट काढायची. मी त्या प्रिंट कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचो. आम्ही त्याला आर्टवर्क म्हणायचो. नावं मोठी आणि माणसं तीन, अशी आमची क्रिएटिव्ह एजन्सी होती.

मगदूम शेठ कांदालसूण मसाला करायचे. आतापर्यंत साध्या पिशवीत विकायचे, आता नवं दुकान निघणार होतं आणि मसाला रंगीत खोक्यात जाणार होता. खोक्यावर घरची वाटेल अशी बाई हवी होती. मुंबईच्या मॉडेलचे फोटो त्यांनी बाजूला सारले. "ह्या बाईनं उभ्या जन्मात मिरची कांडली न्हाय," म्हणाले.

सुनंदाच्या डब्यात तिच्या आईच्या हातचा मसाला असायचा आणि त्यावर आम्ही सगळे तुटून पडायचो. आई कधीतरी डबा द्यायला स्वतः यायची. चेहरा रेखीव नव्हता, पण हसली की समोरचा माणूस आपोआप खुर्ची पुढं करायचा. नाव इंदुबाई, दवाखान्यात आया होती. मी तिला मावशी म्हणायचो. मी सुनंदाला विचारलं. ती चार दिवस टाळत होती. मी मागेच लागलो, तेव्हा तिनं आईला विचारलं.

मावशी एका सकाळी आली. ऑफिसच्या गच्चीवर मी स्वतः फोटो काढले. कॅमेरा उचलायच्या आधी तिनं एकच विचारलं.

"टिकली-बिकली लावा म्हणणार न्हाईसा न्हवं? आमच्यातल्या लावत्यात पुष्कळजणी. मी लावत न्हाय."

ते कुटुंब बौद्ध आहे हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "नाही मावशी. तुम्ही आहात तशाच."

तर वडगावहून परत येताना एसटीत माझ्या मांडीवर तो फोटो होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शिंदे साहेबांना शेठचं आणि मावशीचं, दोन्ही सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, घाईत असायचे एवढंच. ते म्हणाले, शेठच्या नव्या दुकानाचं उद्घाटन सोमवारी आहे, खोकी तिथं मांडायची आहेत, आता दुसरी बाई शोधायला वेळ कुठाय. एवढासा ठिपका, त्यात कुणाचं काय जातंय. मी म्हणालो, सुनंदाला काय सांगू? त्यावर ते म्हणाले, "सांगू नका असं मी म्हणत नाही. फिल्म जाऊ दे, मग निवांत सांगा."

इथं छपाईतली थोडी माहिती द्यावी लागेल. रंगीत चित्र चार रंगांत छापलं जातं. निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म निघते. तिच्यावरून पत्र्याची प्लेट होते आणि ती मशीनवर चढते. फिल्म काढणाऱ्याला आम्ही प्रोसेसवाला म्हणायचो. कुठला रंग किती टक्के हवा, हे त्याला कळावं म्हणून आर्टवर्कवर पातळ बटरपेपर चिकटवायचा आणि त्यावर पेनानं सूचना लिहायच्या. आमच्याकडे एक रीत होती. काम बाहेर पडण्याआधी सुनंदा सगळं वाचायची आणि बटरपेपरच्या कोपऱ्यात सही करायची. सही झाली की त्या कामाला कुणी हात लावायचा नाही.

बुधवारी दुपारी सुनंदानं आर्टवर्क वाचलं. मूळ फोटो प्रोसेसला वेगळा जायचा, आर्टवर्कवर त्याच्या जागी फक्त झेरॉक्स होती. त्यात तिची आई होती तशी होती. सुनंदानं वजन वाचलं, पत्ता वाचला, मग आईकडे बघून जरा हसली आणि सही केली. ती जेवायला गेली तेव्हा मी त्याच बटरपेपरवर झेरॉक्सच्या कपाळावर एक गोल काढला. बाण काढून लिहिलं: गुलाबी शंभर टक्के, पिवळा शंभर टक्के. हे दोन एकावर एक छापले की भडक लाल होतं. आर्टवर्क कागदात गुंडाळलं आणि स्वतः प्रोसेसला देऊन आलो. एरवी हे काम सुनंदाच करायची.

गुरुवारी मी तिला सांगणार होतो. ती माझ्यापासून चार हातांवर बसायची. मी दोनदा "सुनंदा" म्हणून हाक मारली. एकदा कात्री मागितली, एकदा एक हेडिंग लहान कर म्हणालो. शुक्रवारी तिनंच विषय काढला. आई विचारतेय, खोकं कधी मिळेल. दवाखान्यातल्या नर्सना सांगून झालंय, विहारातल्या बायकांनाही. मावशी दर रविवारी विहारात वंदना सांगायची आणि वस्तीतलं महिला मंडळही तीच चालवायची. सुनंदा म्हणाली, "आई कुणाला सांगत नाही सर कधी काही. ह्या वेळी फारच सांगत सुटलीय."

मी चहा प्यायला खाली उतरलो, आणि न पिताच वर आलो. त्या दोन दिवसांत मी जिना किती वेळा चढलो-उतरलो ते आठवत नाही. घरी बायकोनं विचारलं, तब्येत बरी आहे ना. एका जागी बसवतच नव्हतं. सांगायचं काय ते मला पाठ होतं. फक्त तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर यायचं.

शनिवारी सकाळी राहवलं नाही. स्कूटर काढली आणि उद्यमनगरातल्या प्रेसवर गेलो. दस्तगीरचाचा तिथले मशीनमन होते, पत्र्यावरचा ठिपका नजरेनं ओळखणारे. पिवळा आणि गुलाबी छापून झाला होता का, हे मला आधी बघायचं होतं. नव्हता. प्लेटा तयार होऊन भिंतीला टेकवल्या होत्या.

"चाचा, कपाळावरचा गोल खोडता येईल?"

प्लेटवरचं काही पुसायचं एक औषध असतं. चाचांनी बाटलीकडे हातही नेला नाही. त्यांनी प्लेट उजेडात धरली.

"खोडतो की. पर खाली कातडीचा रंग न्हाय. तुमी गोल काढायला सांगितला, प्रोसेसवाल्यानं त्या जागंचा फोटो उडवून गोल भरला. आता खोडलं तर बाईच्या कपाळाला पांढरं भोक पडंल."

"मग?"

"दोन फिल्म नव्यानं काढा, दोन प्लेटा करा. सोमवारी दुपारी मशीनला लावतो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "झालंय काय? चूक झाली व्हय?"

प्रेसच्या टेबलावर फोन होता. शिंदे साहेबांना लावला आणि फिल्म नव्यानं काढू का, विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही तिथं आहात, तुम्ही बघा." नंतर पुष्कळ वर्षं मी ह्या वाक्याचा आधार घेत आलो, की साहेबांनी अंग काढून घेतलं. पण त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. सोमवारी सकाळचं उद्घाटन खोक्यांशिवाय झालं असतं, शेठ ओरडले असते, आणि मंगळवारी सगळे विसरले असते. एवढंच नुकसान होतं. ते मला त्या टेबलापाशी उभं राहूनही कळत होतं.

चाचा प्लेट हातात घेऊन उभे होते. मी म्हणालो, "चूक नाही. चालू द्या."

मंगळवारी शेठनी ऑफिसला पेढे आणि मसाल्याची चार खोकी पाठवली. एका खोक्यावर चिठ्ठी होती, फोटोतल्या बाईंसाठी. सुनंदानं ते हातात घेतलं. कपाळावरच्या लाल गोलावरून अंगठा फिरवला. मग कपाट उघडून प्रोसेसवरून परत आलेलं आर्टवर्क काढलं, बटरपेपर उचलला, परत खाली सोडला.

"सही माझी हाय," ती म्हणाली. "आणि अक्षर तुमचं."

ती ऑफिसात कधी गावाकडचं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. मी शेठचं नाव घेतलं, साहेबांचं घेतलं, उद्घाटनाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मला बुधवारीच सांगितलं असतं तर मी न्हाय म्हटलं असतं. म्हणून सांगितलं न्हाय तुमी." तिनं खोकं पिशवीत घातलं आणि अर्धी रजा टाकून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. ड्युटी संपवून, दवाखान्याच्या साडीतच. शिंदे साहेब उठून उभे राहिले, त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. तिनं चहा घेतला नाही. मला म्हणाली, "बसा."

"आमी धर्म बदलला तवा मी सात वर्सांची होते. आईनं कुंकवाची डबी धुतली आणि त्यात शिवणाच्या सुया ठेवल्या. तिनं परत लावलं न्हाय, मी कधी लावलंच न्हाय. लग्नात सासरची लोकं म्हणाली, तवाबी न्हाय. आता काल दुकानातनं खोकं आणून एकजण म्हणती, इंदुबाय, मसाला खपवायला कपाळ रंगवलंस व्हय? आणि मी बायकांस्नी शिकवते, ठाम ऱ्हावा म्हणून."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली, पण ती माफ केल्याची नव्हती. ऐकलं, एवढंच.

"खोकी परत आणता येतील?"

निम्मी दुकानांत गेली होती. मी नाही म्हणालो.

"मग रविवारी विहारात या. बायकांस्नी सांगा, हिला इचारलं न्हवतं. मी सांगून काय उपेग? सारवासारव वाटती."

मधल्या दिवसांत मी वडगावला गेलो. शेठना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते उडवून लावतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चिडून म्हणाले, "बाई बौद्ध हाय, तिनं अशी अट घातलीया, ह्यातलं एक अक्षर तुमी मला बोलला न्हाईसा. मी आपलं समजून चाललो, विधवा हाय. तुमी म्हणालासा, बघतो. आता मला पाप लागंल त्याचं काय?"

खरं ऐकून त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित दुसरी बाई आणा म्हणाले असते. कदाचित हीच राहू दे म्हणाले असते. तो प्रश्न मी त्यांच्यापुढं कधी ठेवलाच नव्हता. दोन माणसं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होती आणि मी दोघांचंही अर्धंच पुढं पोचवत होतो.

रविवारी विहारात गेलो. वंदना झाल्यावर मावशीनं मला उभं केलं, ओळख करून दिली नाही. वीसेक बायका होत्या. मी सांगितलं की फोटोत कुंकू नव्हतं, ते मी घातलं, ह्यांना विचारलं नव्हतं, आणि तसं करणार नाही असा शब्द मी आधी दिला होता. मागं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "मग आता पुसा की." मी तिला फिल्म आणि प्लेटा समजावून सांगायला लागलो. दोन वाक्यांनंतर माझं मलाच ऐकवेना आणि मी थांबलो. मावशी म्हणाली, "बसा आता. झालं." महिला मंडळ तिच्याकडेच राहिलं, एवढं मला नंतर कळलं.

ती खोकी संपायला सहा-सात महिने लागले. तोवर प्रत्येक किराणा दुकानात मी पाठ करून उभा राहायचो. पुढच्या छपाईत शेठनी स्वतःहून बाई काढली आणि दगडी उखळ टाकलं. मसाला तितकाच खपला.

सुनंदानं तो महिना पूर्ण केला. कामात फरक पडला नाही, मला सरच म्हणत राहिली. फक्त सही करायची बंद झाली. वाचायची, चुका काढायची आणि आर्टवर्क माझ्या टेबलावर ठेवून द्यायची. महिना संपल्यावर राजारामपुरीतल्या एका डीटीपी सेंटरला लागली. दोन-तीन वर्षांनी तिनं स्वतःचं सेंटर काढलं. उद्घाटनाचं कार्ड शिंदे साहेबांच्या नावानं आलं. मी गेलो नाही. बोलावलं नव्हतं.

आता माझी स्वतःची लहानशी एजन्सी आहे. बटरपेपर गेला, फिल्म गेली. जे काम तेव्हा तीन माणसं आणि चार दिवस घ्यायचं, ते स्क्रीनवर चहा निवायच्या आत होतं. ज्याचा चेहरा वापरायचा, त्याला शेवटचं प्रूफ ऑफिसात बोलावून दाखवायचं आणि तो हो म्हणेपर्यंत काम छापायला सोडायचं नाही, एवढा एक नियम मी केला आहे. क्लायंट वैतागतात. माणूस गावाला गेलेला असतो, फोन उचलत नाही, आला तर नाक नीट दिसत नाही म्हणतो. ह्यात एक दिवस जातो. तो मी शेड्यूलमध्ये आधीच धरून ठेवतो आणि क्लायंटला कारण विचारू देत नाही.