सहा इंचांची त्रुटी

बाबा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात कारकून होते. लोकांच्या घरांच्या फायली 'त्रुटी' लिहून परत पाठवणं हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की गावात आम्हाला उसनी साखरसुद्धा कुणी हसून दिली नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि आमची न्हाणी नेमकी वरच्या मजल्यावर. खाली त्यांच्या खोलीला लागून एक न्हाणी बांधायची, एवढंच काम होतं.

"परवानगीशिवाय इटेले इट लावाची नाई," बाबा म्हणाले.

मी अकोल्याला नोकरीला. रजा काढून ऑनलाइन अर्ज भरला. ऑनलाइन भरलेला अर्ज छापून, तीन प्रती करून, हातानं नेऊन द्यायचा असतो, ही आपली प्रगती. पहिली त्रुटी निघाली, नकाशात उत्तर दिशेचा बाण नाही. बांधकाम विभागाच्या साहेबांच्या खिडकीतून आमचं घर दिसतं, तरी बाण हवाच. दुसरी, गाडी लावायची जागा दाखवलेली नाही. ज्या माणसाला खाटेवरून उठता येत नाही, तो गाडी कुठे लावेल हे दाखवायला मी पुन्हा रजा काढली. तिसरी, बाजूला मोकळी सोडायची जागा सहा इंच कमी.

मी तणतणत ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हातारा खूश!

"बरोबर हाय त्यायचं. मी बी हेच लिवलं असतं."

साहेबांपेक्षा मला बाबांचाच जास्त राग आला.

तोवर शेजाऱ्यानं कुणाला न विचारता दोन मजले चढवले, खाली नवी न्हाणीही काढली. वास्तूच्या पंगतीत तेच साहेब बुंदी वाढून घेत होते. इकडे आई चार महिने खाटेवरच बाबांचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. त्यांची पाठ सोलवटली होती.

शेवटी शेजारीणच म्हणाली, "काकाजी, आमच्या न्हानीत या नं. एक बी पायरी नाई."

"बिनपरवानगीची हाय ते," म्हणत बाबांनी आठवडा काढला. मग पाठीची आग सोसेना. मी आणि शेजाऱ्यानं त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं.

मी बादली भरली. बाबा भिंतीकडे पाहत होते.

"बाजूनं किती सोडलं यायनं?"

"काईच नाई, बाबा."

त्यांनी भिंतीवरून नजर काढली. मग मान खाली घालून म्हणाले, "टाक पानी."