ओढ्यापलीकडची पायऱ्यांची विहीर

सोनाआत्याची विहीर सापडली. ती ओढ्याच्या पश्चिम काठावर आहे, तिला दगडी पायऱ्या आहेत आणि पाण्याच्या वरच्या एकवीस पायऱ्या अजून शाबूत आहेत. वडूजच्या भूमी अभिलेख कार्यालयातले मोजणीदार पवार यांनी गेल्या शनिवारी जुना गावनकाशा जागेवर धरून हे नक्की केलं. ती काही सरकारी मोजणी नव्हती. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मोटारसायकलवर, निव्वळ कुतूहलापोटी ते आले होते. पण नकाशावरचं वर्तुळ ते हेच, यात शंका नाही, असं त्यांनी उन्हात उभं राहून दोनदा सांगितलं.

हे सगळ्यात आधी लिहायचं कारण असं, की काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिक पुरवणीत मीच लिहिलं होतं, ही विहीर रस्त्याखाली बुजली. ते चूक होतं.

सोनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम वडूजला मुलाकडे. तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा आत्या सहा वर्षांची होती आणि माझे वडील पाळण्यात. दोघांना मामानं आपल्या गावी नेलं. आईचा म्हणून एकच फोटो उरला. नऊवारीतली एक बाई विहिरीच्या पायरीवर उभी आहे, मागं डोंगर, डाव्या हाताला ओढा. आजोबा फौजेत होते. रजेवर आले असताना त्यांनी सांगलीच्या फोटोवाल्याकडून तो काढून घेतला आणि सोबत नेला.

आमचं गाव पुसेगावपासून थोडं आत, ओढ्याच्या पूर्व काठावर. डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं आणि ओढा डावीकडे दिसला, तर आपण गावाच्या बाजूला आहोत. त्यामुळं फोटोतली विहीर गावाकडचीच, असं सगळे धरून चालले होते. गावाकडची जुनी विहीर रस्ता करताना बुजवली होती. मी तेच छापलं. आत्या मात्र कायम म्हणायची, "आमी वढा वलांडून जायचो. माझं पाय भिजायचं." सहा वर्षांच्या पोरीची आठवण विरुद्ध फोटो. आम्ही फोटोचं ऐकलं. लेख वाचून ती माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नव्हती.

यंदा चैत्रात तिच्या डोळ्यांचा काचबिंदू वाढला. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं मला फोन करून एवढंच विचारलं, की दिसतंय तोवर आईची जागा दाखवतोस का. मी साताऱ्यात असतो. निवृत्त आहे, गाडी आहे, कारण सांगायला काही नव्हतं.

फोटोच्या मागं सांगलीच्या स्टुडिओचा पुसट शिक्का होता; जागा नाही, तर निदान फोटोची स्पष्ट प्रत तरी मिळेल, असं वाटलं. तेवढ्या धाग्यावर गुरुवारी सकाळी सहाला निघालो. मे महिन्यात या भागात फिरायचं तर सहा ही उशिराची वेळ. कराडच्या अलीकडे टोल, कराडला मिसळ, मग पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्ट्यावरून सांगली. एरवी अडीच तास, पण रस्त्याची कामं निघाली की तीन धरून चालावं. उसाच्या पट्ट्यात शिरलं की खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाचे डोळे निवतात. आमच्याकडं एवढं हिरवं श्रावणातसुद्धा दिसत नाही.

स्टुडिओ पेठेतल्या एका गल्लीत अजून चालू आहे. आता तिथं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. मालक शौकतभाई साठीचे. शिक्का त्यांच्या आजोबांचा. आजोबा लाकडी कॅमेरा आणि काचांची पेटी घेऊन जत्रांतून आणि लग्नांतून फिरायचे, असं त्यांनी फोटो हातात घेताघेताच सांगितलं. काचा म्हणजे त्या काळातली निगेटिव्ह. मोठ्या पुरात खालच्या मजल्यावरच्या काचा एकमेकींना चिकटून गेल्या, पण माळ्यावरच्या काही पेट्या वाचल्या आहेत, दुपारी बघू, म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी रुखसानाभाभी चहा घेऊन आल्या. शेजारीच त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, पिढीजात. मी मोबाइलवर फोटो मोठा करून शौकतभाईंना विहिरीची कड दाखवत होतो. भाभींनी त्या कडेकडे बघितलंही नाही. त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यात नथ उजवीकडं घालत्यात काय?"

मी म्हटलं, नाही, डावीकडं.

"मग हिची उजवीकडं कशी? तीस वर्सं मी नवरीला नथ चढवतीया. अजून एक बी उजवीकडं चढवली न्हाई."

शौकतभाईंनी फोटो दारातल्या उजेडात नेला, भिंग लावलं आणि स्वतःवरच हसले. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी निस्तेज. चित्र निस्तेज बाजूला असतं आणि कागद त्या बाजूला टेकवायचा असतो. चुकून चकचकीत बाजूला टेकवला तर चित्र उलटं उमटतं, आणि मधे काचेची जाडी आल्यामुळं पुसटही होतं. "आयुष्यभर सगळा गाव फोटो बघतोय आणि उलटा हाय हे एकाला कळंना," ते म्हणाले. भाभींनी लगेच सुनावलं, की कळंना कुणाला, बाप्या माणसांना.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. नथ डावीकडं गेली की ओढा उजवीकडं जातो. ओढा उजवीकडं गेला की उभा माणूस पश्चिम काठावर जातो. आणि तिथं पोचायला ओढा ओलांडावा लागतो. फोटोतला डोंगर आजच्या डोंगराशी कधीच जुळत नसे; खाणीनं त्याचा आकार बदलला, असं कारण आम्हीच शोधून काढलं होतं.

दुपारी तीनपर्यंत आम्ही माळ्यावर होतो. मधे जेवणाऐवजी भाभींनी पाठवलेला भडंग. चौथ्या पेटीत ती काच मिळाली. कागदी पाकिटावर उर्दूत आमच्या गावाचं नाव आणि 'फौजी, आजच निघणार' असं लिहिलेलं, शौकतभाईंनी वाचून दाखवलं. म्हणजे घाई होती. रजा संपलेला शिपाई दारात उभा आणि फोटो त्याच दिवशी हवा. चूक कशी झाली ते मला पुरतं समजलं. मीही आयुष्यभर वर्तमानपत्राला वेळेत मजकूर दिलेला आहे.

त्यांनी काच खिडकीशी धरली, मोबाइलनं टिपली आणि रंग उलटे केले. कागदावर धुकं होतं, इथं दगडावरचे छिन्नीचे घाव मोजता येत होते. दंडावरचं गोंदण दिसत होतं. पायऱ्या खाली, आणखी खाली, काळोखात उतरत होत्या. एवढी मोठी विहीर आमच्या गावात आहे, याची मला कल्पना नव्हती. आणि आजीचा चेहरा. आमच्या घरात ती उदास बाई म्हणून ओळखली जायची, कारण फोटोत ओठांची नुसती सरळ रेघ होती. काचेवर ती रेघ नव्हती. तिनं ओठ आत दाबून धरले होते, गालाला खळी पडली होती. ती हसू आवरत होती.

शौकतभाईंनी पैसे घेतले नाहीत. भाभींनी आत्यासाठी हिरव्या बांगड्या दिल्या. तुम्ही सांगलीला गेलात तर भडंग कुठूनही घ्या, सगळीकडे चांगला मिळतो. पण जुने फोटो घरी असतील तर तेही सोबत न्या आणि एखाद्या म्हाताऱ्या स्टुडिओत दाखवा.

तासगाव, विटा, मायणी करत संध्याकाळी वडूज गाठलं. विट्यापुढं हिरवा रंग संपतो आणि माळ सुरू होतो. आत्याच्या मुलानं मोबाइल टीव्हीला जोडला. आत्याला समोरचं मधोमध तेवढं दिसतं, कडेचं दिसत नाही. तिनं खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढली, मान हळूहळू फिरवत चित्र तुकड्या-तुकड्यांनी बघितलं. पाय, काठ, गोंदण, मग चेहरा. चेहऱ्यावर थांबली.

"हसतीया की रं," ती म्हणाली.

मग विचारलं, की कुणाला हसली असंल. लेखाचा विषय तिनं काढला नाही. मीच माफी मागितली. तिनं हातानंच ती बाजूला सारली आणि सुनेला घेवड्याची आमटी वाढायला सांगितलं.

शुक्रवारी भूमी अभिलेखमध्ये गेलो. गावनकाशाची प्रत अर्ज करून मिळते, फी किरकोळ आहे, पण सकाळी लवकर जावं. पवारांनी जुना नकाशा उलगडला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. ओढ्याची निळी रेघ आणि तिच्या दोन्ही काठांना एकेक छोटं वर्तुळ. पूर्वेचं वर्तुळ मी पूर्वी पाहिलं होतं. पश्चिमेचंही पाहिलं असणार. पण जे शोधायचं नव्हतं ते दिसलं नाही. मी पवारांना नथेची गोष्ट सांगितली. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, अंतर काढलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघताय?"

शनिवारी ओढा कोरडा ठाक होता. पलीकडची जमीन मुंबईला असलेल्या एका कुटुंबाची, वाट्यानं कसतात बाबूतात्या. वय सत्तरीचं. आम्ही विहीर म्हटल्यावर ते पवारांना म्हणाले, "आवं साहेब, हितं कसली हीर? खड्डा हाय. लय घाणेरी माजलीया, कोण जात न्हाई." नकाशा वाचणाऱ्या माणसांवर त्यांचा फार विश्वास नव्हता, पण कोयता घेऊन सगळ्यात पुढं तेच निघाले.

घाणेरीच्या झुडपाशी पोचलो आणि मी जागा ओळखली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं इथं यायचो. आत जायची बंदी होती, म्हणून बाहेरूनच दगड भिरकावायचो आणि आवाज येईपर्यंत आकडे मोजायचो. चार म्हणेपर्यंत 'डुब्ब' यायचं. अंगावर काटा घेऊन पळत सुटायचो. ज्या विहिरीबद्दल मी लेख लिहिला, तिच्यात मी लहानपणी दगड टाकले होते.

बाबूतात्यांनी तासभर कोयता चालवला. आधी एक घडीव दगड दिसला, मग त्याच्या खाली दुसरा. मग फांद्यांचं झाकण एकदम बाजूला झालं आणि पायांखाली जमीनच राहिली नाही असं वाटलं. रुंद, सरळ पायऱ्या, दोन्ही बाजूंना भिंती, मधे कमान, कमानीवर झिजलेली दोन कमळं. खाली हिरवट पाणी. आतून थंड हवा आली, मे महिन्यात, भर अकरा वाजता. बाबूतात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. वीस वर्षं या विहिरीच्या बांधाला त्यांनी नांगर वळवला होता.

पवारांनी नकाशा काठावर पसरला, ओढ्याचं वळण आणि बांध जुळवले आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य दोनदा उच्चारलं. मी डोंगराकडे बघितलं. ओढा उजवीकडं. डोंगराचं टोक काचेवरच्या टोकाशी रेषेत रेष जुळत होतं.

रविवारी पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला परतलो. कोरेगावात वाघ्या घेवडा घेतला. जाण्या-येण्याचा खर्च म्हणाल तर डिझेल आणि टोल, बाकी सगळीकडं पाहुणचारच झाला. घरी आल्यापासून मी तो डोंगर रोज मोबाइलवर, काचेच्या त्या चित्रात बघतो. कागद, नकाशा, छापील मजकूर ही माझी साधनं. त्या सगळ्यांहून सहा वर्षांच्या मुलीचे ओले पाय जास्त खरे निघाले. याचं अजून नवल वाटतं.

पुढचं ठरलं आहे. जागेच्या मालकांनी फोनवर होकार दिला आहे. गावातली माणसं या आठवड्यात पायऱ्यांवरची माती काढतील; पाणी मात्र उपसायचं नाही. आत्याला अंधूक उजेडात काही दिसत नाही, म्हणून पवारांनी दिवस सुचवला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा ऊन थेट तळापर्यंत जाईल. त्या दिवशी बारापूर्वी आत्याला खुर्चीत बसवून ओढा पार करायचा आणि फोटोतल्या पायरीपर्यंत, म्हणजे वरून सातव्या पायरीपर्यंत, दोघांनी धरून उतरवायचं. डॉक्टरांची हरकत नाही.

आत्यानं एकच अट घातली आहे. "मला थितं हुबी करा आन् तुमी समदी वर जावा."

आम्ही वर थांबणार आहोत.