हमीदचाचांचा स्कॉटलंडमधला रस्ता

हमीदचाचा संध्याकाळी आमच्या इमारतीमागच्या गल्लीत पावलं मोजत चालायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "इथं टोलबूथ." कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या त्या गल्लीत एक किराणा दुकान आणि उभ्या गाड्या सोडल्या तर काहीच नव्हतं. टोलबूथ होता स्कॉटलंडमधल्या एका जुन्या गावात. खाली तुरुंग, वर कचेरी, त्यावर घड्याळ. चाचांनी ते गाव कधी पाहिलं नव्हतं.

ते मूळचे श्रीवर्धनकडचे. अहमदीत एका तेल कंपनीत नकाशे ट्रेस करायचे, तेव्हा त्यांचा साहेब स्कॉटिश होता. "सगळी नोकरी त्यानं माझ्याकडून तेलाच्या टाक्या काढून घेतल्या. निवृत्त होऊन निघाला तेव्हा म्हणाला, हमीद, एकदा माझा रस्ता काढ." मग साहेब गावी पावलांनी रस्ता मोजायचा आणि दर पत्रात चार-पाच घरांची मापं पाठवायचा. बाजारातला दगडी खांब, चर्च, दोन घरांमधून जेमतेम एक माणूस जाईल अशा बोळी. "आमच्या मोहल्ल्यात अशाच बोळी हायत," चाचा खूश होऊन सांगायचे. रस्त्याच्या खालच्या टोकाला युद्धस्मारक होतं. तिथली मापं आलीच नाहीत. पुढे साहेब वारल्याचं त्याच्या मुलीनं कळवलं. कागदावर तेवढी जागा कोरी राहिली.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. वडील ड्रायव्हर. पुण्याला आर्किटेक्चर शिकते हे सांगतानाही मला संकोच वाटायचा. सुट्टीत चाचांकडे हात बसवायला जायचे. "तुमच्याकडं कंप्युटर रेघ मारतो, मग तू तिथं काय करतेस गो?" ते चिडवायचे. आणि मी पेन धरलं की बजावायचे, "माप नाय, तर रेघ नाय."

मागच्या उन्हाळ्यात कळलं की वयामुळे त्यांचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, वाढणार नाही. महिन्याभरात कुवेत सोडायचं. त्याआधी नकाशा पुरा करून साहेबाच्या मुलीला पाठवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. मला वाटलं, हे तरी मी करू शकते. ते असरच्या नमाजाला गेले असताना मी फोनवर तो रस्ता उघडला, स्मारक शोधलं आणि कोऱ्या जागेत शाईनं काढून टाकलं. चौथऱ्यावरची नावंसुद्धा बारीक अक्षरांत लिहिली.

चाचा आले, चष्मा लावून वाकले. "छान काढलंस," म्हणाले. मग त्यांचं बोट एका नावावर थांबलं. आडनाव साहेबाचं होतं.

"थोरला भाऊ त्याचा. लढाईत गेला. एकदाच बोलला होता." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणून तो तिथं मोजायला गेला नाय, पोरी. आन् मी समजत होतो, विसरला."

"चुकलं माझं, चाचा."

"तुला काय ठावं? पण त्यानं जे दिलं नाय, ते आपण कसं काढायचं?"

दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेऊन ते शाई खरवडू लागले. मी करते म्हटलं, तर नको म्हणाले. तीन दिवस लागले. कागद तिथे पांढरट, खरखरीत झाला. एका ठिकाणी भोक पडलं. तसाच त्यांनी तो गुंडाळून पाठवला आणि उत्तरासाठी पत्ता आमच्या घराचा दिला. विमानतळावर मला म्हणाले, "पत्र आलं की फोनवर वाचून दाखव हां."

हिवाळ्यात ते गावी झोपेतच गेले. पत्र आलं त्यानंतर नऊ दिवसांनी. मी सुट्टीत घरीच होते.

साहेबाच्या मुलीनं लिहिलं होतं की कागद हातात धरून ती अख्खा रस्ता चालली. सगळी घरं, सगळ्या बोळी बरोबर आहेत. खाली एक प्रश्न होता : "टोकाला काहीतरी काढून खरवडलेलं दिसतं. बाबा त्या स्मारकापाशी कधीच जात नसत, अलीकडच्या बोळीतून वळायचे. आम्ही घरातसुद्धा यावर कधी बोललो नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मी उत्तर लिहायला बसते. पहिल्या ओळीत चाचा गेल्याचं लिहावं लागतं. दुसऱ्या ओळीत, ती शाई माझी होती हे. त्यापुढे माझं पत्र अजून गेलेलं नाही.