पुढचा ब्रेक आणि मागची सीट

आमच्या साडूंनी जिचा पुढचा ब्रेक एकदा तरी दाबून पाहिलेला नाही, अशी मोटारसायकल लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत शोधूनही सापडायची नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर, दवाखान्याच्या दारात, जिथे म्हणून गाडी उभी दिसेल तिथे हा गृहस्थ चालता चालता थांबतो, दोन बोटांनी ब्रेकची दांडी दाबतो आणि चेहरा गंभीर करून मालकाची वाट पाहतो. हदगावच्या एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या मामालाच बाहेर अडकवून ठेवलं होतं. मामांच्या गाडीचं पुढचं चाक ब्रेक सोडल्यावरही मोकळं फिरत नव्हतं. "मामा, पिस्टन आतच अडकलाय, मागं सरकून न्हाई राहिला," असं हे समजावून सांगत होते, आणि आत भटजी नवरीला घेऊन या, घेऊन या म्हणून घसा कोरडा करत होते. मामा मांडवात आले ते काळ्या हातांनी.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरला शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून घरातसुद्धा सगळे त्यांना सरच म्हणतात. आधी माणसाला विचारायचं, मग गाडीला हात लावायचा, हा त्यांचा नियम. त्यामुळे पाना बाहेर निघण्याआधी तोंडी परीक्षा होते. दांडी हाताला कडक लागते का मऊ? मऊ असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर कडक होते का? झाली, तर नळीत हवा शिरलीय. दाबताना बोटांना हादरे बसतात का? मग डिस्क वाकलीय. आवाज पावसानंतर येतो का रोजच? "असाच येतो कधीतरी," असं उत्तर देणाऱ्याला ते जागच्या जागी नापास करतात आणि तरीही ब्रेक दुरुस्त करून देतात.

मी त्यांचा सर्वांत जुना नापास विद्यार्थी. पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते, अशी आमच्याकडे पुष्कळांची ठाम समजूत आहे. नवी गाडी आली की वडीलधारी मंडळी तिला हार घालतात आणि लगेच पुढचा ब्रेक ढिला करून आणतात. माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं, आणि पुढे दहा-बारा वर्षं मी त्या दांडीला भाजीची पिशवी अडकवत आलो. सरांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या घराच्या पायरीवर मटकन बसले. "साडूभाऊ, कंपनीनं ही दांडी कोथिंबीर टांगाय दिलीय का?" एवढंच म्हणाले. चहा निवून गेला तरी त्यांनी त्याला हात लावला नाही, आधी ब्रेकचं झिजलेलं लायनर बदललं, केबल ताणली. दुसऱ्या दिवशी मी सवयीने पिशवी अडकवली, तर गाडी काही केल्या पुढे जाईना.

सरांबरोबर पार्ट घ्यायला मात्र कुणी जाऊ नये. रुमालात जुने ब्रेक पॅड बांधून ते लातूरच्या दुकानात जातात, नव्या पॅडचे चार डबे उघडायला लावतात, जुन्याशेजारी नवं ठेवून मापं जुळवतात, एक या हातात एक त्या हातात घेऊन वजन बघतात. डब्यावरच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे असलं तर माल डुप्लिकेट. "ज्याला सोताचं नाव लिहिता येत न्हाई, त्याच्या भरवशावर आपण उतार उतरायचा का?" त्यांचं म्हणणं बिनतोड असतं, पण मागे गिऱ्हाइकांची रांग लागते. एकदा दुकानदार हात जोडून म्हणाला, "सर, एक तर पॅड घ्या न्हाईतर दुकान घ्या."

आणि असा हा ब्रेकचा जाणकार घरात मात्र हरलेला. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, अठरा वर्षांत त्यांच्या गाडीवर बसल्या नव्हत्या. अठरा वर्षांपूर्वी लोह्याजवळ म्हैस आडवी आली, सरांनी पुढचा ब्रेक दाबला, तो एकदम धरला आणि दोघंही खडीवर पडली. "लायनर ओलं झालं होतं का आत काही अडकलं, अजून छडा लागला न्हाई," म्हणून सर आजही हळहळतात. तेव्हापासून आक्का लातूरहून आमच्याकडे येतात एसटीने, आणि सर एसटीच्या मागे मोटारसायकलवर. अहमदपूरच्या स्टँडवर हे खिडकीशी जाऊन पाण्याची बाटली देतात आणि बस हलली की पुन्हा तिच्या मागे लागतात. आक्कांसाठी त्यांनी जुनी गाडी विकून डिस्क ब्रेकची घेतली, तीही विकून चाक घसरू न देणाऱ्या एबीएसची घेतली. दर वेळी दारात उभी करून म्हणाले, "आता बस, आता पडायचं काम न्हाई." आक्का म्हणायच्या, "छान हाय गाडी," आणि पिशवी उचलून स्टँडकडे निघायच्या.

परवा दोघं आमच्याकडे आली होती. आक्का स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, आता तरी कशाला घाबरता? एवढा चांगला ब्रेक आहे."

"घाबरायला काय झालं? ब्रेक तवाबी चांगलाच होता." मग हातातली शेंग सोलत म्हणाल्या, "मी खडीत पडलेली. हे उठले अन् सरळ गाडीपाशी गेले. चाक फिरवून बघून राहिले, दांडी दाबून बघून राहिले. मला त्या म्हशीवाल्या बाईनं उठवलं. मी मनात म्हणलं, हे इचारतील लागलं का म्हणून, तवाच बसायचं."

"मग?"

"इचारलंच न्हाई की अजून." त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. "अन् तुम्ही सांगू नका बरं का. सांगून इचारलं तर त्याला काय अर्थ हाय?"

मी अंगणात आलो. सर माझ्याच गाडीपुढे उकिडवे बसून मला प्रश्न विचारू लागले. त्या माणसाचा मला रागही आला आणि कीवही आली. शेवटी राहवलं नाही. "सर, आधी माणसाला विचारायचं म्हणता ना? मग लोह्याला काय झालं ते आक्कांना कधी विचारलंत? त्याही गाडीवरच होत्या." हे काही सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

सरांचा चेहरा एकदम उजळला. "हाव की! मागच्याला झटका जास्त कळतो. हे सुचलंच न्हाई." ते तसेच आत गेले, मी मागोमाग.

"त्या दिवशी ब्रेक धरला तवा तुला काय जाणवलं? हळूहळू धरला का एकदम?"

"एकदम," आक्का म्हणाल्या.

"आवाज?"

"न्हाई."

"तू कोणीकडं पडलीस?"

"डावीकडं. कोपरावर."

सरांनी पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ते आक्कांच्या कोपराकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "लई लागलं होतं का गं?"

आक्कांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "महिनाभर हात वर जात नव्हता. येणी शेजारीण घालून द्यायची. तुम्ही तवा अंगणात गाडी खोलून बसले होते."

"मला दिसलंच न्हाई," सर म्हणाले. 

दुपारी निघायच्या वेळी आक्का पिशवी घेऊन बाहेर आल्या, पदर खोचला आणि मोटारसायकलशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. माझी बायको दारातच थबकली. सरांनी आक्कांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "आज नको. आज माझा हात धड न्हाई. मी बी बसनं येतो तुझ्यासंग."

"घ्या!" आक्का कडाडल्या. "अठरा वर्षांनी मी बसाय निघाले अन् आता ह्यांना एसटी पाहिजे!" मी सोडायला गेलो, तर स्टँडवर पोचेपर्यंत रिक्षात त्या सरांना बोलत होत्या. सर नुसते हो हो म्हणत होते.

बस सुटली तेव्हा खिडकीशी आक्का होत्या आणि शेजारी सर. आक्का कोपर पुढे करून काहीतरी दाखवत होत्या, आणि सर वाकून बघत होते. मी हात हलवत राहिलो. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.